तंजावरला पाऊण तास देणाऱ्या आमच्या मराठी टूरवाल्यांना खुलं पत्र

समस्त मराठी टूरवाल्यांनो, टूर मॅनेजर दादा-ताईंनो, आणि दिवाळीनंतर दक्षिणेची ट्रिप ठरवणाऱ्या माझ्यासारख्याच मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या तीन वर्षांत मी तंजावरला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तुमच्यातल्याच एका टूरबरोबर, पाऊण तास. दुसऱ्यांदा स्वतःच्या स्वतः, तीन दिवस. या दोन खेपांमध्ये जे अंतर आहे ते तुमच्या कानावर घालायचंय म्हणून हे लिहितेय. टूर कंपनीचं नाव घेणार नाही कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच, मी नंतर सात-आठ जणांचे कार्यक्रम उघडून बघितले आणि जवळपास सगळ्यांचं सारखंच आहे, सकाळी कुंभकोणम किंवा पाँडिचेरीहून निघायचं, वाटेत तंजावरचं मोठं देऊळ, मग त्रिची नाहीतर थेट मदुराई मुक्काम.

माझे बाबा हायस्कूलला इतिहास शिकवायचे. सांगलीजवळच्या गावात तीस वर्षांच्या वर नोकरी केली, रिटायर झाले, आणि दक्षिणेत जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट डायरीत लिहून ठेवली होती, तंजावरच्या मोठ्या देवळातला भोसल्यांचा मराठी शिलालेख. रामेश्वर, कन्याकुमारी आईसाठी होतं, हा लेख त्यांच्यासाठी. वय ७३. आमची बस देवळापाशी पोचली साडेअकराला. साडेबाराला गाभारा बंद होतो तर सव्वाबाराला सगळ्यांनी परत बसमध्ये, असं माईकवरून सांगितलं. चपला काढून आत गेलो तर दगड असे तापलेले की म्हाताऱ्या माणसांना पाऊल ठेववेना, सगळे अंथरलेल्या पट्टीवरून एका ओळीत चाललेले, गाईड हिंदीत भराभर सांगतोय, हा नंदी एका दगडातला, वरचा दगड ऐंशी टनाचा, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, फोटो काढा, चला. बाबांनी त्याला दोनदा विचारलं की मराठी शिलालेख कुठल्या बाजूला आहे. तो म्हणाला सगळीकडे तमिळच आहे अंकल. मग मॅनेजरना विचारलं, ते बिचारे फोनवर लंचची ऑर्डर सांगत होते, काका तसलं काही नाही इथे, उशीर होतोय म्हणाले. आम्ही बसमध्ये येऊन बसलो.

बाबा मदुराईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री हॉटेलवर शर्टाची घडी घालता घालता एवढंच म्हणाले, "अगं, असेल तो तिथेच, शंभर पावलांवर."

आणि खरंच तेवढ्यावरच होता.

दुसऱ्यांदा आम्ही दोघंच गेलो. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्री गाडीत बसलं की पहाटे तंजावर, एवढं सोपं आहे ते. देऊळ सहाला उघडतं. सव्वासहाला आम्ही आत होतो आणि त्या वेळी दगड गार असतात, पायाला बरे वाटतात, आवारात झाडणाऱ्या बायका आणि पाच-दहा गावकरी सोडले तर कोणी नसतं आणि विमान, म्हणजे आपण ज्याला शिखर म्हणतो ते, मधाच्या रंगाचं झालेलं असतं. दोनशे फुटांच्या वर उंच, तेरा मजली, सगळं ग्रॅनाईट, ज्या मुलखात दूरपर्यंत नुसती भातशेती त्या कावेरीच्या सपाट खोऱ्यात एवढा दगड आणून राजराज चोळाने १०१० साली हे पुरं केलं. आणि हो, सावली पडते. साडेसातला विमानाच्या मागच्या अंगाला लांबच्या लांब सावली पडलेली मी उभी राहून बघितली, बाबा त्या सावलीतच बसले होते. प्लीज आपल्या गाईडना सांगा की हे सांगायचं बंद करा. ज्या देवळाबद्दल सांगण्यासारखं एवढं खरं आहे तिथे खोटं सांगून लोकांचा वेळ का घालवायचा.

उदाहरणार्थ हे सांगा. देवळाच्या जोत्यावर चहूबाजूंनी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत ती नक्षी नाहीये, तो हिशोब आहे. राजराजाने हुकूम केला की आम्ही दिलं ते, आमच्या थोरल्या बहिणीने दिलं ते, आमच्या राण्यांनी दिलं ते आणि इतर देणाऱ्यांनी दिलं ते, सगळं दगडावर लिहा. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. मग दागिने किती, मूर्ती किती, दिव्याच्या तुपासाठी मेंढ्या कोणाकडे, सगळी नोंद. देवळात नाचायला आणलेल्या चारशे बायकांची नावं त्यात आहेत, कुठल्या गावाहून आली, कुठल्या आळीत कितवं घर दिलं, एकेकीचं नाव. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे साध्या बायकांची नावं आज वाचता येतात अशा जागा जगात किती असतील मला सांगा.

आणि आता ऐका, त्याच देवळाच्या आवारात, नैऋत्य कोपऱ्याकडच्या ओवरीच्या भिंतीवर, देवनागरी अक्षरांत, मराठीत, भोसल्यांचा इतिहास कोरलाय. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी बाबूराव चिटणिसांकडून लिहून घेतला आणि १८०३ च्या डिसेंबरात कोरून झाला. भोसले घराण्याच्या मुळापासून सुरू होतो, शहाजीराजे, शिवाजी महाराज, मग व्यंकोजींनी तंजावर घेतलं इथपासून थेट सरफोजींपर्यंत. देशातल्या सगळ्यात लांब शिलालेखांमध्ये त्याची गणती होते. भिंतच्या भिंत भरलीय. एका ओळीवर दृष्टी ठेवून चालत जायचं, परत यायचं, खालची ओळ धरायची.

तिथे पोचल्यावर पहिली पाच मिनिटं काही लागत नाही. अक्षरं एकमेकांना चिकटलेली, शब्द तोडलेले नाहीत, जुनी वळणं. बाबा भिंतीला हात न लावता बोट हवेत धरून एकेक अक्षर जुळवत होते आणि मग एकदम "शिवाजी राजे" असा शब्द लागला, मग पुढचा लागला, मग मागचा लागला, आणि मग ते मोठ्याने वाचायलाच लागले, वर्गात धडा वाचतात तसं. दोन तास. मी कोपऱ्यावरून पाणी घेऊन आले तरी वाचतच होते. मध्येच कुठल्यातरी शाळेची सहल आली, निळ्या गणवेषातली पोरं, त्यांतली चार-पाच जवळ येऊन उभी राहिली आणि एकाने विचारलं, हिंदी? बाबा म्हणाले, मराठी. तर दुसरा मुलगा लगेच म्हणाला "सरफोजी!" त्या पोराला माहीत होतं. का नसणार, त्याच्या गावात सरफोजींच्या नावाचं सरकारी कॉलेज आहे. आमच्या पहिल्या टूरच्या बसमध्ये ४२ मराठी माणसं होती, चांगली शिकलेली, शिवजयंतीला वर्गणी देणारी, आणि त्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलं होतं ते मला माहितीये कारण मी नंतर ग्रुपवर विचारलं. तिघांनी.

हा राग नाहीये हं. मीही बाबांची मुलगी नसते तर मलाही माहीत नसतं. शाळेत आपल्याला दक्षिण दिग्विजय एका परिच्छेदात शिकवतात आणि व्यंकोजी म्हणजे महाराजांशी वाद घातलेला सावत्र भाऊ एवढ्यावर धडा संपतो. पण तो वाद, १६७७ ची कोळ्ळिडम नदीच्या काठची ती भेट, यानंतर काय झालं? व्यंकोजींनी १६७५ च्या सुमाराला तिथल्या आधीच्या नायक राजांच्या गादीवर बसून सुरू केलेलं राज्य १८५५ पर्यंत चाललं. १८० वर्षं! साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ ला खालसा केली, त्यानंतरही सात वर्षं तंजावरला भोसलेच होते, शेवटी तिथेही तेच झालं, सरफोजींचे चिरंजीव दुसरे शिवाजीराजे मुलगा नसताना वारले आणि कंपनीने राज्य घशात घातलं. खरी सत्ता त्याच्या आधीच, १७९९ च्या तहात गेली होती, सरफोजींकडे उरलं होतं फक्त तंजावर शहर आणि किल्ला. म्हणजे हा माणूस राज्य नसलेला राजा. आणि त्याने काय केलं ते बघा, मला तर यातच सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

पुस्तकं गोळा केली. नायकांच्या काळापासून वाड्यात ग्रंथसंग्रह होता तो सरफोजींनी एवढा वाढवला की आज सरस्वती महाल म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे येतात, ४०,००० हून जास्त हस्तलिखितं, ताडपत्रं, संस्कृत सगळ्यात जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मराठी ३,००० च्या घरात. काशीपर्यंत माणसं पाठवून पोथ्या उतरवून आणल्या. देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, बाळशास्त्रींचं दर्पण निघालं त्याच्या २६ वर्षं आधी, तेही तमिळ मुलखात बसून. शाळा काढल्या. धन्वंतरी महाल नावाचा दवाखाना, त्यात वैद्य आणि युरोपियन डॉक्टर दोघंही, आणि डोळ्यांच्या रोग्यांचे केस पेपर, त्यावर त्या रोग्याच्या डोळ्याचं रंगवलेलं चित्र. हे सगळं वाड्यातल्या म्युझियममध्ये थोडं थोडं मांडलेलं आहे. म्युझियम लहान आहे, एक मोठी खोली म्हणा ना, आमच्या टूरला तिथे नेलंच नाही, बाहेरून बस गेली.

माझी सगळ्यात कळकळीची गोष्ट इथे आहे ती सांगते. या सरस्वती महालात मोडी कागदांचे हजाराच्या वर गठ्ठे आहेत. दरबाराचा रोजचा कारभार, खर्च, देणग्या, कोणाला किती भात दिला, कुठल्या नर्तकीला काय बिदागी, कुठल्या अन्नछत्रात काय शिजलं. तिथल्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांवर काम केलंय, तमिळमध्ये भाषांतरं छापलीत. तमिळ अभ्यासक मोडी शिकून आपले कागद वाचतात! आणि आपल्याकडे आता बरीच तरुण मुलं हौसेने मोडी शिकतायत, वर्ग भरतात, ऑनलाइन कोर्स चालतात. या मुलांची एखादी ट्रिप काढा ना. पंधरा-वीस जणांची छोटी, चार दिवसांची, आधी परवानगी वगैरे रीतसर विचारून. असली ट्रिप नफ्याची होईल का ते मला नाही सांगता येणार, पण त्यातल्या एका मुलीने जरी पुढे आयुष्य त्या कागदांना दिलं तरी ती तुमच्या बसमुळे तिथे पोचली असेल.

आता मी सांगलीची आहे म्हणून हे वेगळं सांगते. आमच्याकडे ५ नोव्हेंबर म्हणजे मोठा दिवस, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर केलं तिथून मराठी नाटक सुरू झालं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि त्याचा अभिमान आहेच. पण तंजावरला व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठीत लक्ष्मीनारायण कल्याण लिहीत होते. हेच राजे तेलुगूतही नाटकं लिहायचे, एक नाटक तर पाच भाषांतलं आहे. सरफोजींनी देवेंद्र कुरवंजी लिहिली, कुरवंजी हा तिथल्या तमिळ मातीतला प्रकार, कुरत्ती म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरातली बाई त्यात असते, आणि तिच्या तोंडून यांनी मराठीत जगाचा भूगोल सांगितला! कुठले देश कुठे आहेत ते. मला हे कळलं त्या रात्री झोप आली नाही. भाव्यांचं महत्त्व याने कमी होत नाही, त्यांचं नाटक लोकांसमोर आलं, टिकलं, वाढलं. पण आपल्या नाटकाच्या गोष्टीतलं पहिलं पान तिकडे कावेरीकाठी आहे आणि आपण ते उघडतच नाही.

गाण्याचंही तसंच. ज्या क्रमाने आज भरतनाट्यमचा कार्यक्रम होतो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि ते याच मराठा दरबारात होते. उलट दिशेने आपलं कीर्तन तिकडे गेलं, महाराष्ट्रातून कीर्तनकार तिकडे जाऊन राहिले, त्यांचं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं, आणि त्यात आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग हीच नावं चालतात. १३ किलोमीटरवर तिरुवैयारू, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी, तिथे जानेवारीत आराधना असते, शेकडो गायक नदीकाठी एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती म्हणजे पाच रचना म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा आराधना नव्हती, समाधीपाशी एक बाई एकट्याच तंबोरा लावून हळू आवाजात गात होत्या आणि मागे कावेरी. तमिळ आणि तेलुगू दोन्ही मला येत नाही. तरी आम्ही अर्धा तास तिथून उठलो नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, तंजावरला "आपलं राज्य बघायला चला" अशी जाहिरात नका करू. मी एका कार्यक्रमात तसं वाचलं आणि मला बरं नाही वाटलं. ते शहर तमिळांचं आहे. चोळांनी उभं केलं, नायकांनी सजवलं, मग आपले लोक आले आणि ते शहाणे होते, त्यांनी तिथलं काही पुसून टाकलं नाही. राजराजाचा लेख तसाच ठेवला आणि आपला बाजूच्या ओवरीत लिहिला. दरबारात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत सगळं एकत्र नांदलं. आजही भोसल्यांचे वंशज तिथे राहतात आणि वंशपरंपरागत विश्वस्त म्हणून ८८ देवळांच्या व्यवस्थेत त्या घराण्याचं नाव आहे, लोक त्यांना मान देतात. हा मान तलवारीचा नाही. तेव्हा आपली बस तिथे जाऊन देवळात घोषणा देऊ लागली, तेही पूजा चालू असताना, तर तो पाहुणचाराचा अपमान होईल. गप्प उभं राहून वाचा. वाचून झाल्यावर डोळे पुसायचे असतील तर पुसा, आम्हीही पुसले.

तसंच सांबाराचं. संभाजीराजांवरून सांबार नाव पडलं, तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली, ही गोष्ट प्रत्येक टूरमध्ये सांगतात. ऐकायला गोड आहे पण तिला धड पुरावा नाही, आणि तंजावरला तिची गरजही नाही. खाण्यातलं खरं नातं बघायचं असेल तर तिथल्या मराठी घरांत होतं ते डांगर पचडी बघा, उडदाचं पीठ आणि दही, आपलं डांगरच की. रसवांगी आहे, वांग्याचीच. पोळी तर रस्त्यावर मिळते, बोळी म्हणतात तिला, पुरण भरलेली, तव्यावर तूप सोडून. हे नुसतं सांगू नका, खायला घाला. टूरबरोबर आपले आचारी असतात, पोहे, पिठलं, शिरा सगळं मिळतं, ज्येष्ठ मंडळींना ते बरं पडतं हे मला कळतं, आईला तर त्याशिवाय जमलंच नसतं. पण तंजावरात एक दुपार तरी केळीच्या पानावर जेवू द्या. आम्ही स्टेशनरोडच्या एका साध्या मेसमध्ये जेवलो, वाढणाऱ्या आजोबांना आम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर त्यांनी गल्ल्यावरच्या बाईंना हाक मारली आणि त्या बाई आमच्याशी मराठीत बोलायला लागल्या. घरी अजून बोलतात म्हणाल्या. चाल पूर्ण तमिळ, वाक्याच्या शेवटी सूर वर जाणार, आणि मध्येच असे शब्द की जे माझ्या पणजीनंतर मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. बाबांनी विचारलं तुमचं मूळ गाव कुठलं, तर त्या म्हणाल्या, तंजावर.

बरोबर आहे ना. साडेतीनशे वर्षं झाली.

तर माझं मागणं काय आहे ते नीट सांगते. दोन रात्री द्या तंजावरला. दिवस कुठून काढायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, पण आमच्या टूरमध्ये साड्यांचं शोरूम, मसाल्यांचं दुकान आणि शंखशिंपल्यांचं दुकान मिळून जवळजवळ सहा तास गेले होते हे मी घड्याळ लावून सांगू शकते. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोचायचं, देऊळ दिव्यांच्या उजेडात बघायचं, लोक हिरवळीवर मुलांना घेऊन बसलेले असतात, गावाचं अंगणच आहे ते, तिथे नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत, तेव्हा नीट देऊळ आणि नीट शिलालेख, ऊन व्हायच्या आत हॉटेलवर. ऊन उतरलं की वाडा, सरस्वती महाल आणि कलादालन, सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या म्हणजे दारातून परतायला नको. कलादालनात चोळांचे ब्राँझ आहेत त्यातला ऋषभवाहन शिव कोणी चुकवू नका, तिरुवेंकाडूला सापडलेला, १०११ चा. डोक्याला जटांचा फेटा बांधल्यासारखा, एक पाय दुसऱ्यावर आडवा टाकून, नंदीच्या पाठीवर हात टेकून उभा आहे असा, आणि नंदी तिथे नाहीच आहे. हरवलाय. पण हाताकडे बघितलं की तो दिसतो. बाबा तर म्हणाले की थांब, मला वळसा घालून येऊ दे, आणि त्या मूर्तीभोवती फेरी मारून आले. वाड्यात सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभा, त्याच्यासमोर सगळेच आपोआप हात जोडतात.

जमलं तर देवळाशेजारच्या शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झ चर्चही. श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी, लहानग्या सरफोजींना यांनी शिकवलं, गादीच्या भांडणात त्यांना सांभाळलं. १७९८ ला ते गेले, पुढे राजांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरात त्यांचं स्मारक करवून घेतलं, मरणाच्या बिछान्यावरचे गुरुजी आणि शेजारी उभा राजा. आमच्या बाबांसारख्या मास्तर माणसाला ते बघून काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी दारासुरम आणि गंगैकोंड चोळपुरमची चोळ देवळं करून पुढे निघा. १९८७ ला तंजावरचं देऊळ जागतिक वारशात गेलं आणि २००४ ला ही दोन त्याला जोडली, तिन्ही एका कुळातली आहेत, एका ओळीत बघितली की चोळांचा हात कसा बदलत गेला ते माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतं. तंजावर जसं मोठं आणि सरळ, तसं दारासुरम लहान आणि इतकं नाजूक की दगडावर कोणी सुईने काम केलंय असं वाटतं.

आणि स्थानिक गाईड घ्या, पण दोन तासांचे पैसे देऊन घ्या, वीस मिनिटांचे देऊन नको. त्याला आधीच सांगा की आमच्या लोकांना मराठी लेख बघायचाय. शिवाय मराठीत एक कागद छापा, पाठपोट, त्यावर शिलालेखाची जागा, त्याच्या सुरुवातीच्या दहा-बारा ओळी शब्द तोडून, आणि राजांची वंशावळ. बसमध्ये आदल्या रात्री वाटा. लोक वाचतात हो, नाही असं नाही, बसमध्ये दुसरं करायचं तरी काय असतं. म्हाताऱ्या माणसांना पायमोजे आणायला सांगा, दोन घडीचे स्टूल बसच्या डिकीत टाका.

आता माझ्यासारख्या प्रवासी मंडळींना. टूरवाल्यांना दोष देणं सोपं आहे पण फोन करून आपणच पहिलं काय विचारतो, तेवढ्या पैशात किती ठिकाणं दाखवणार? अकरा दिवसांत बावीस ठिकाणं असली की आपल्याला वसूल झाल्यासारखं वाटतं. ते आपल्याला हवं तेच विकतात. यंदा बुकिंगच्या वेळी एवढं विचाराल का, की तंजावरला किती तास देणार आणि मराठी शिलालेख दाखवणार का? दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या कार्यक्रमात तो छापून येईल. आणि मुलांना घेऊन जा. कॉलेजच्या पोरांना वाटतं म्हातारपणीची देवळं आहेत ही, त्यांना तो डोळ्यांचा केस पेपर दाखवा, तो जगाचा भूगोल सांगणारी कुरत्ती सांगा.

बाबा आता ७६ चे आहेत. गेल्या खेपेला लेखाचा शेवटचा भाग वाचायचा राहिला, आधी ऊन चढलं आणि संध्याकाळी परत गेलो तर अक्षरं दिसेनाशी झाली, टॉर्च मारून वाचणं त्यांना पटेना. म्हणून पोंगल झाल्यावर, जानेवारीच्या शेवटाला, आम्ही परत जातोय, तिकिटं काढून झाली. तुमच्यापैकी कोणाची बस तेव्हा तिथे आली तर नैऋत्येच्या ओवरीत या. घडीच्या स्टूलवर, कानटोपी घातलेले, भिंतीकडे तोंड करून बसलेले एक गृहस्थ दिसतील. तुमच्या मंडळींना घेऊन त्यांच्या मागे उभे राहा, ते पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतील.

आपली,
एका मास्तरांची मुलगी
सांगली